पिंड, पगार आणि पक्ष

दहावीचा निकाल लागला की पेढेवाल्यांच्या पाठोपाठ महाराष्ट्रात आणखी एका धंद्याला बरकत येते. करिअर समुपदेशकांच्या. मुलगा, आई, बाबा आणि बाबांचं क्रेडिट कार्ड असे चौघं वातानुकूलित खोलीत जाऊन बसतात. मुलगा संगणकावर प्रश्नांची उत्तरं देतो: गर्दीत मिसळायला आवडतं का, कपाट आवरून ठेवता का, निर्णय डोक्याने घेता की मनाने. तासाभराने रंगीत आलेखांचं बाड हातात पडतं. त्यात लिहिलेलं असतं की चिरंजीव अंतर्मुख, विश्लेषक आणि तत्त्वनिष्ठ आहेत. बाबा खूश, कारण बाबांच्या मते तिन्ही गुण बाबांकडूनच आलेले. मग समुपदेशक हळूच सांगतात की असल्या स्वभावाला संगणक अभियांत्रिकी मानवते. योगायोग असा की ज्या घराला ती फी परवडते, त्या घरातल्या बहुतेक मुलांना संगणक अभियांत्रिकीच मानवते.

आळशी, चिडका, चुगलखोर असा शेरा मारलेला अहवाल अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही. पैसे मोजून शिव्या कोण खाणार?

या अहवालांमधला जगभर खपणारा एक नमुना म्हणजे मायर्स-ब्रिग्ज. माणसांचे सोळा प्रकार. तो रचला अमेरिकेतल्या मायलेकींनी: कॅथरिन ब्रिग्ज आणि इझाबेल ब्रिग्ज मायर्स. मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण दोघींनीही घेतलेलं नव्हतं. लेकीची पदवी राज्यशास्त्राची, आणि या प्रश्नावलीआधी तिचं नाव झालं होतं ते एका बक्षीसपात्र रहस्यकादंबरीमुळे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगचं स्वभावप्रकारांवरचं १९२१ चं पुस्तक आईने फार मनावर घेतलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत-कचेऱ्यांत कामाला निघाल्या, तेव्हा कुणाला कुठलं काम झेपेल हे ठरवायला लेकीने प्रश्नावली केली. हेतू चांगलाच होता. अडचण एवढीच, की काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली तर बऱ्याच जणांचा प्रकार बदलतो. आपल्याकडची पत्रिका निदान जन्मभर एकच राहते.

जॉन हॉलंड त्या मानाने शास्त्राचे. महायुद्धात लष्करात आलेल्या जवानांच्या मुलाखती घेता घेता त्यांना वाटलं की माणसं मोजक्याच प्रकारांत बसतात. १९५९ मध्ये त्यांनी सिद्धांत मांडला आणि पुढे सहा प्रकार पक्के झाले: हातांनी काम करणारे, शोधक, कलावंत, माणसांत रमणारे, धडाडीचे आणि नियमाने चालणारे. कामंही सहाच प्रकारची. जोड्या लावा. जोडी जुळली तर माणूस कामात सुखी होतो का, हे पुष्कळांनी मोजून पाहिलं. होतो, पण किंचित. विरारच्या गाडीत खिडकी मिळाली तरी तेवढं सुख होतं.

त्याहून गंमत १९९१ ची. बॅरिक आणि माउंट या दोघांनी शंभरावर अभ्यास एकत्र करून पाहिलं की कुठला गुण कुठल्या धंद्यात उपयोगी पडतो. काटेकोरपणा तेवढा सगळीकडे उपयोगी पडलेला दिसला. वेळेवर येणारा, सांगितलेलं पुरं करणारा माणूस कारकून असो, विक्रेता असो की साहेब, चालतो. म्हणजे कामात खात्रीने उपयोगी पडणारा गुण कुठलं काम घ्यावं हे सांगायला मात्र निरुपयोगी. हे ऐकायला समुपदेशक लागत नाही, गावातला कुठलाही गवंडी सांगेल. फुकट सांगेल म्हणून आपण ऐकत नाही.

२०१६ पासून काही वर्षं राज्य सरकारनेही दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली. ती फुकट होती, ही तिची सर्वांत चांगली गोष्ट. क्षेत्रं सात: शेती, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तंत्र आणि गणवेशधारी सेवा. समजा एखाद्याचा कल निघाला ललित कलेकडे. प्रमाणपत्र घेऊन तो घरी आला. तालुक्याला कॉलेज एक, त्यात शाखा दोन, आणि तिथे वेळेवर पोचवणारी एसटी एकच. कल चित्रकलेकडे, एसटी कॉमर्सकडे. कोण जिंकतं ते त्या एसटीच्या वाहकाला विचारा.

आता २०२३ ची तलाठी भरती आठवा. जागा साडेचार हजारांच्या थोड्या वर, अर्ज दहा लाखांच्या वर. स्वभावाच्या हिशेबाने महाराष्ट्रात दहा लाख तरुण-तरुणींचा पिंड तलाठ्याचा आहे असं धरावं लागेल. सातबारा दिसला की त्यांचं अंतःकरण भरून येतं, फेरफार नोंदवताना समाधी लागते. अर्जदारांत अभियंते होते, द्विपदवीधर होते. गुणांचं समानीकरण केलं तेव्हा २०० पैकी २१४ गुण पडलेला उमेदवारही निघाला. म्हणजे काहींचा पिंड तर गरजेपेक्षाही जास्त तलाठ्याचा. खरं कारण सगळ्या गावाला ठाऊक आहे. पगार एक तारखेला होतो, दुष्काळात बुडत नाही, आणि लग्नाच्या बाजारात भाव राहतो. चार एकर बागायत असलेल्या पोराला मुलगी मिळत नाही, तलाठ्याला मिळते. हे अंतर्मुखतेच्या खात्यात टाकायचं की बहिर्मुखतेच्या?

मुंबईत गिरण्या चालू होत्या तेव्हा समुपदेशकाचं काम जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, करायचा. त्याची चाचणी आटोपशीर होती. गाव कुठलं, कुणाचा कोण, आणि दस्तुरी किती देणार. रत्नागिरीचा गडी रत्नागिरीच्या जॉबरकडे, साताऱ्याचा साताऱ्याच्या. बरा पगार विणकामाला, म्हणजे गिरणीतल्या भाषेत साचाखात्याला. तिथे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना घेत नसत. धोट्यातली कांडी संपली की नवी बसवताना सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि तोच धोटा मग दुसरा कामगार तोंडाला लावी. धर्म त्या भोकात अडकला होता. म्हणून ही माणसं रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईला, कमी पगारावर, बापामागून मुलगा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. भांडवलशाही उलथायला निघालेल्यांना तो धोटा भलताच जड गेला.

अशा रिंगखात्यात एखादा स्वभावतज्ज्ञ प्रश्नावली घेऊन गेला असता तर? त्याने प्रामाणिकपणे लिहिलं असतं: एकसुरी कामाची सवय, धोका पत्करण्याची तयारी कमी, आपल्या माणसांत राहण्याकडे ओढा, सध्याचं काम स्वभावाला अनुरूप. अहवालात एकही आकडा खोटा नसता.

१९३६ मध्ये लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणाला बोलावलं, भाषण आधी वाचायला मागितलं, वाचून हबकलं, आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. जात म्हणजे श्रमांची वाटणी नसून श्रमिकांची वाटणी आहे, हा त्यातला मुद्दा व्यासपीठावरच्या प्रत्येकाला पाठ असतो, जयंतीला हमखास ऐकू येतो. पुढची पानं उलटायचा कंटाळा दिसतो. तिथे त्यांनी आर्यसमाजी सुधारकांना गाठलंय. या सुधारकांचं म्हणणं, वर्ण जन्मावरून नको, गुणावरून ठरवू. मग तर चार वर्णांना हरकत नाही? ऐकायला किती आधुनिक वाटतं! आजचा कुठलाही मनुष्यबळ विभाग यावर सही करेल. बाबासाहेबांनी विचारलं की माणसामाणसांत एवढा फरक असताना मोजक्या कप्प्यांत त्यांना कोंबणार कसे? प्लेटोने तीन वर्ग पाडले, तुम्ही चार पाडता, चूक तीच. आणि बायकांचं काय करणार? त्यांना त्यांच्या गुणावरून वर्ण देणार की नवऱ्याचा लावणार? नवऱ्याचाच लावायचा, तर गुण गेला कुठे?

त्याच वादात गांधीजींनी वडिलोपार्जित व्यवसायाची बाजू घेतली. बाबासाहेबांनी उत्तरात आठवण करून दिली की महात्माजी जन्माने वाणी, त्यांच्या घराण्याने तराजू सोडून दिवाणगिरी धरली, आणि स्वतः महात्माजी झाले बॅरिस्टर. असल्या टोल्यांना हल्ली सदर म्हणतात. तेव्हा परिशिष्ट म्हणत.

आणि पाहा, त्याच १९३६ साली अमेरिकेत ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट असे दोघे जाडजूड शब्दकोश उघडून बसले होते. माणूस कसा आहे हे सांगणारे इंग्रजी शब्द त्यांनी मोजले. जवळजवळ १८ हजार भरले. पुढच्या पिढ्यांनी ते गाळत गाळत पाचांवर आणले: नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि चिंताळूपणा. आजचं व्यक्तिमत्त्वशास्त्र या पाचांवर उभं आहे. या मोजपट्ट्या आहेत, पेट्या नव्हेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी कमीजास्त असतो. इथवर शास्त्र शहाणं आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून त्यात आनुवंशिकतेचा वाटाही बराच निघाला, तोही मान्य. भांडण शास्त्राशी नाहीच. त्याची पाटी लावून दुकान टाकणाऱ्यांशी आहे.

माझी एक छोटी चाचणी आहे, कुणीही वापरावी. वडील काय करतात? घरावर कर्ज आहे का? पहिली नोकरी लागेपर्यंत किती महिने बसून खाता येईल? शहरात झोपायला कुणाचं घर आहे का? आडनाव ऐकल्यावर समोरचा पुढचा प्रश्न विचारतो की खुर्ची देतो? मुलगी असेल तर: रात्री आठनंतर घरी आलीस तर कोण काय म्हणतं? या सहा उत्तरांवर पोरगं कुठे पोचणार याचा अंदाज त्या रंगीत बाडापेक्षा बरा येईल, अशी पैज लावायला मी तयार आहे.

नोकरीचं हे असं. आता राजकीय मतं. इथे स्वभावशास्त्राला अधिकच चेव येतो, कारण समोर विरोधक असतो.

२०११ मध्ये मेंदूच्या छायाचित्रांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ९० विद्यार्थ्यांचे मेंदू तपासले; परंपरावादी मंडळींच्या मेंदूत भीतीशी नातं सांगितला जाणारा एक भाग जरा मोठा दिसला, उदारमतवाद्यांच्या मेंदूत दुसराच एक. लेखकांच्या यादीत एक नाव कॉलिन फर्थ. होय, तेच नट. त्याच वर्षी ब्रिटनच्या राजाची भूमिका केल्याबद्दल त्यांना ऑस्कर मिळालं. बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमाचे पाहुणे संपादक म्हणून त्यांनी हा उद्योग सुरू केला, आणि आपल्याशी न पटणाऱ्या लोकांत शारीरिक बिघाड काय आहे ते बघायचं होतं, असं त्यांनी हसत हसत सांगितलंही. बाकीचे संशोधक हेच न हसता करतात.

२००८ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात ४६ माणसांना भयंकर चित्रं दाखवली, मोठे आवाज ऐकवले. ज्यांना जास्त दचका बसला ती माणसं लष्कर, फाशी वगैरेंच्या बाजूची निघाली. बातम्या जगभर झाल्या: उजवे लोक घाबरट. २०२० मध्ये दुसऱ्यांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला, आणि काही सापडलं नाही. याची बातमी तुम्ही वाचली होती का? मीही नव्हती.

माझा लाडका मात्र २०१२ चा अभ्यास. व्यक्तिमत्त्वामुळे राजकीय मतं बनतात का, याचा शोध. लेखकांनी निष्कर्ष काढला की एकामुळे दुसरं बनत नाही, दोन्ही शेजारी शेजारी वाढतात. हे बरोबरच असावं. पण जाता जाता एक निरीक्षण होतं, की मानसशास्त्रज्ञ आयसेंक यांच्या पट्टीवरचा रांगडा, बेफिकीर, नियम झुगारणारा स्वभाव परंपरावाद्यांत जास्त दिसतो. उदारमतवाद्यांनी ते अर्थातच आनंदाने वाचलं. २०१६ मध्ये शुद्धिपत्रक आलं: मतांच्या रकान्यात डावं-उजवं उलटं धरलं गेलं होतं. वाचावं नेमकं उलट. चार वर्षं ते तसंच होतं, आणि ज्यांना आवडलं त्यांना त्यात खटकण्यासारखं काही दिसलंच नाही.

शयनगृहांचा अभ्यासही २००८ चाच. विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि काही कचेऱ्या यांतल्या वस्तू नोंदवल्या. परंपरावाद्यांकडे दिनदर्शिका, टपाल तिकिटं, इस्त्रीचं सामान, सुईदोरा. उदारमतवाद्यांकडे नाना विषयांची पुस्तकं, संगीताच्या तबकड्या, रंग, नकाशे. वाचून मी आमच्या भिंतीकडे पाहिलं. कालनिर्णय लटकतंय. १९७३ पासून ते महाराष्ट्राच्या भिंतींवर आहे, समाजवाद्याच्या, संघवाल्याच्या आणि लाल बावट्यावाल्याच्याही. त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात. सुईदोरा बिस्किटांच्या गोल डब्यात आहे, तोही पक्षनिरपेक्ष. इस्त्री नाक्यावर. आणि मूळ अडचण निराळीच. या शास्त्राला प्रत्येकाची स्वतंत्र खोली लागते. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसं राहतात, तिथे भिंतीवरचा स्वभाव कुणाचा म्हणायचा? सर्वांत आधी खिळा ठोकला त्याचा?

आता एकच आकडा सांगतो. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ७३ अभ्यास, सुमारे ७२ हजार माणसं, यांचा एकत्र हिशेब केला. नव्याची ओढ जास्त असेल तर माणूस परंपरावादी असण्याची शक्यता कमी, हे खरं निघालं. किती खरं? एक म्हणजे तंतोतंत आणि शून्य म्हणजे काहीच नाही, अशा मापावर ०.१८. काटेकोरपणाचा परंपरावादाशी संबंध त्याहून कमी, ०.१०. हिशेबात उतरवलं तर मतामतांतल्या फरकाच्या रुपयात नव्याच्या ओढीचे तीन पैसे, काटेकोरपणाचा एक. चार पैशांवर इतकी पुस्तकं आणि भाषणं निघालीत की बाकीचे शहाण्णव पैसे कुणी शोधलेच नाहीत असं वाटावं.

शोधलेत, पण त्यात मजा नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या राजकीय देणग्या तपासल्या तेव्हा शल्यचिकित्सक रिपब्लिकनांकडे आणि बालरोगतज्ज्ञ डेमोक्रॅटांकडे झुकलेले दिसले. लगेच कथा तयार: सुरी चालवणारा कणखर, लेकरांना औषध देणारा कनवाळू. पण त्याच तपासणीत हेही दिसलं की ज्या शाखेत कमाई जास्त, ती शाखा रिपब्लिकनांकडे जास्त. कर कमी करू म्हणणाऱ्या पक्षाला देणगी द्यायला कणखरपणा कशाला लागतो? आपल्याकडे तर डॉक्टरकीच्या पिंडाचा शोध घेणं धोक्याचं. डॉक्टर हेडगेवारांनी १९२५ मध्ये नागपुरात संघ काढला. डॉक्टर दत्ता सामंतांनी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पाडल्या. नाडी दोघांनाही बघता येत होती.

शिवाय तो तीन पैशांचा संबंधही देश बदलला की रंग बदलतो. पूर्व युरोपात साम्यवादी राजवट हीच चाळीस वर्षांची परंपरा झाली होती. तिथे चालत आलेलं टिकवू पाहणारी, बदलाला बिचकणारी माणसं डावीकडे झुकलेली सापडली. आणि भारतात? प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांनी २०१८ च्या पुस्तकात मांडलं की इथला खरा वाद आहे तो समाजाच्या चालीरीतींत सरकारने किती हात घालावा आणि मागे राहिलेल्या गटांना किती सामावून घ्यावं, यावरचा. आरक्षणाच्या बाजूने कोण आणि विरोधात कोण हे ओळखायला मेंदूचं छायाचित्र काढावं लागत नाही. दाखला बघितला तरी पुरतं.

एका स्वभावाची, एका पेशाची माणसं एका मताची होत असती, तर टिळक-आगरकरांचं भांडण झालंच नसतं. दोघेही हट्टी, दोघेही बुद्धिवान, दोघांनीही सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून तुटपुंज्या पगारावर मास्तरकी पत्करलेली. १८८० ची शाळा एक, १८८१ चा केसरी एक, आणि १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बदनामी खटल्यात डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवसही एकत्र. कुठल्याही चाचणीत दोघं एकाच रकान्यात बसले असते. पुढे आगरकरांनी केसरी सोडला, १८८८ मध्ये सुधारक काढला, आणि संमतिवयाच्या कायद्यावर दोघं दोन टोकांना उभे राहिले. आगरकरांची तर पुणेकरांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्या यात्रेत सौजन्याच्या पट्टीवर कोण किती होतं, याची नोंद नाही.

बॅरिस्टरांचंही तेच. ग्रेज इन या लंडनच्या एकाच संस्थेत आंबेडकरही शिकले आणि सावरकरही. सावरकरांना सनद नाकारली गेली ही गोष्ट वेगळी. गांधी, नेहरू, जिना हेही बॅरिस्टर. एकच गाउन, एकच कायदा, आणि राजकारणं पाच. व्यंगचित्रकार घ्या. फ्री प्रेस जर्नलमध्ये आर. के. लक्ष्मण यांनी काम केलं, बाळ ठाकरे यांनीही केलं. एकाच्या कुंचल्यातून न बोलणारा सामान्य माणूस आला. दुसऱ्याने १९६० मध्ये मार्मिक काढलं आणि १९६६ मध्ये सेना. कलावंत मोकळ्या मनाचा म्हणून उदारमतवादी, या सूत्रात दोघांना बसवून दाखवा.

एकेकट्या मोठ्या माणसांचं सोडा, गिरणगाव बघा. लालबाग-परळच्या चाळींनी १९५७ मध्ये कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत पाठवलं. १९७० च्या जूनमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला, आणि त्याच वर्षीच्या पोटनिवडणुकीत तिथून वामनराव महाडिक हे शिवसेनेचे पहिले आमदार निवडून आले. चाळ तीच, नळ तोच, पाळीही तीच. अडीच लाख कामगारांचा संप १९८२ मध्ये झाला तेव्हा घरावर भगवा आणि गेटवर डॉक्टर सामंतांचा मोर्चा, असे दोन्ही सांभाळणारे हजारो होते. १९५७ ते १९७० या तेरा वर्षांत अख्ख्या वस्तीचा मेंदू बदलला, असं म्हणायला कॉलिन फर्थही धजणार नाहीत. बदलल्या त्या गोष्टी दिसतील अशा होत्या: नोकऱ्या कुणाला मिळताहेत, मारामारीत कोण धावून येतंय, रात्री दोन वाजता रुग्णवाहिका कुणाची येते.

मग स्वभावाला काहीच काम नाही का? आहे, आणि मला वाटतं ते आपण चुकीच्या जागी शोधतो. स्वभाव पक्ष ठरवत नाही. पक्षात गेल्यावर तुम्ही काय कराल ते ठरवतो. कुठल्याही पक्षाच्या कार्यालयात जा, तीच माणसं भेटतील. मतदारयाद्यांवर पेन्सिलीने खुणा करत बसणारा एक. भिंत दिसली की घोषणा सुचणारा एक. दोन गटांत समेट घडवून चहा मागवणारा एक. उद्या आपलं सरकार पडणार या काळजीने सत्तेत असतानाही न झोपणारा एक. आणि सतरंज्या उचलणारा, जो सगळीकडे असतो आणि ज्याला तिकीट कुठेच मिळत नाही. पाची मोजपट्ट्या प्रत्येक कार्यालयात हजर. भिंतीवरचा फोटो तेवढा वेगळा.

यावरून स्वभावतज्ज्ञांना आमच्या आमदारांचा मोह पडायला हवा होता. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी आठच्या सुमाराला राजभवनावर शपथविधीला आंघोळ करून हजर असणं हे काटेकोरपणाचं केवढं लक्षण! पाचच दिवसांनी शिवाजी पार्कवर तीन निरनिराळ्या विचारांचे पक्ष एका मंचावर आले. इतकं सौजन्य एकाच संध्याकाळी कुठल्या देशात दिसलं असेल? जून २०२२ मध्ये सुरत बघून झाल्यावर गुवाहाटीची झाडी आणि डोंगर बघायला निघालेले फुटीर आमदार नव्याच्या ओढीत शंभरपैकी शंभर. २०२३ च्या जुलैत दुसऱ्या पक्षालाही तीच ओढ लागली. चिंताळूपणा म्हणाल तर त्याचे आकडे तपास यंत्रणांकडे मागावे लागतील. परंपरावादी कोण आणि उदारमतवादी कोण हा प्रश्न या सगळ्या प्रवासात एकाही पत्रकाराने विचारला नाही. खातं कुठलं, एवढंच विचारलं.

सतरंजीवाल्याची मात्र पंचाईत होते. नेता रात्रीतून पलीकडे गेला की सकाळी याने कुठल्या कार्यालयात हजर व्हायचं? पंधरा वर्षं ज्यांच्या नावाने बोटं मोडली त्यांच्याच सभेला खुर्च्या लावायच्या. थोडे दिवस तो घरी बसतो, बायकोशी बोलत नाही, मग एक दिवस मफलर बदलून येतो. लोक म्हणतात, निष्ठावंत स्वभावाचा आहे बिचारा. निष्ठा आहेच. शिवाय थोरलीला झेडपीच्या शाळेत चिकटवायचं आहे, हेही आहे.

आणि सतरंज्या तरी पक्षाच्या कुठे असतात? त्या मंडपवाल्याच्या. तो सगळ्या पक्षांना त्याच देतो, त्याच दोरीने बांधून. भाडं कुणाकडून आगाऊ घ्यायचं आणि कुणाला उधारीवर सोडायचं हे त्याला चांगलं कळतं. सरकार कुणाचं आहे ते बघतो आणि वही उघडतो.